प्रश्नाची शीव

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याने एखादा मर्यादित प्रश्न हाती घ्यावा, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली त्याचा शोध घ्यावा आणि आपली पद्धत, पुरावे व निष्कर्ष लेखी मांडावेत, अशी अपेक्षा असते; या अपेक्षेतून जे लेखन सिद्ध होते त्याला मराठीत प्रबंधिका किंवा लघुशोधप्रबंध म्हणतात. पीएच.डी.च्या प्रबंधाने ज्ञानात नवी भर घालावी अशी अट असते, तर प्रबंधिकेकडून शोध घेण्याची रीत विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडली आहे एवढ्याचाच पुरावा मागितला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झाला, आणि त्यातील ८८ श्रेयांकांपैकी १० श्रेयांक संशोधन प्रकल्पाला मिळाले, ४ तिसऱ्या सत्रात आणि ६ चौथ्या सत्रात. श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याने एखाद्या विषयाला द्यावयाच्या वेळेचे माप. वर्गातल्या अध्यापनाचे साधारण १५ तास म्हणजे एक श्रेयांक असा त्याचा हिशेब असतो. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा ४ श्रेयांकांचा विषयही आला. पूर्वी मोजक्या विद्यार्थ्यांनी हौसेने किंवा महत्त्वाकांक्षेने पत्करलेले हे काम अशा रीतीने तालुक्याच्या गावात शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आले आहे.

जामनेरसारख्या ठिकाणी या बदलाचा अर्थ मोठ्या शहरापेक्षा वेगळा होतो. कांग नदीच्या काठचे हे गाव नेरीमार्गे जळगावपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे ग्रंथालय जळगाव शहराच्याही पलीकडे, गिरणेच्या बाजूला आहे. म्हणजे एक संदर्भ पाहायचा तर विद्यार्थ्याचा दिवस मोडतो, आणि ज्या घरात दिवस मोडणे म्हणजे मजुरी बुडणे असते तिथे ती गोष्ट लहान नसते. पुस्तके दूर असली तरी अभ्यासाचा विषय मात्र अगदी उंबऱ्यापाशी असतो. शेती, बाजार, बोली, जत्रा, स्थलांतर, पाणी यांपैकी काहीही घेतले तरी त्याची माहिती असलेली माणसे घरात आणि गल्लीत बसलेली असतात. ही जवळीक मोठी सोय वाटते, आणि तीच मोठी अडचणही ठरते. जे रोज दिसते त्याविषयी सहसा प्रश्न पडत नाही, आणि एकदा प्रश्न पडू लागले की ते कुठे थांबवावेत हे कळत नाही. मार्गदर्शकाची गरज या दोन ठिकाणी खरी भासते, आणि प्रबंधिकेचा कस तिच्या पानांच्या संख्येपेक्षा तिने आपल्या प्रश्नाला घातलेल्या शिवेवर लागतो, अशी या लेखामागची भूमिका आहे.

प्रबंधिका आणि मार्गदर्शक ही जोडी आपल्याकडे तशी उशिराच आली. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणारे विद्यापीठ होते; एम.ए.साठीही नेमलेले ग्रंथ वाचून उत्तरपत्रिका लिहिणे हाच मार्ग असे. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली तिथे समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे त्याची धुरा आली. मालवणचे, मूळचे संस्कृतचे आणि केंब्रिजहून मानवशास्त्र शिकून आलेले घुर्ये विद्यार्थ्याला विषय देत, त्याच्याकडून साहित्य गोळा करवून घेत आणि लिहवून घेत. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये एम.ए.साठी चित्पावन समाजावर प्रबंधिका लिहिली ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. म्हैसूरहून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांची म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब या विषयावरील एम.ए.ची प्रबंधिका तर १९४२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्याने आपल्याच समाजाकडे, आपल्याच प्रदेशाकडे पाहिले, आणि ते पाहणे शक्य व्हावे म्हणून त्याला मुंबईतल्या एका विभागात येऊन शिस्त शिकावी लागली. तीच शिस्त जामनेरमध्ये राहूनच शिकता येईल का, असा प्रश्न आता नव्या अभ्यासक्रमाने उभा केला आहे.

खानदेशाला संशोधनाची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. अमळनेरला प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि देशभरातले अभ्यासक तिथे राहून वेदान्ताचा अभ्यास करू लागले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले. १९२६ च्या डिसेंबरअखेर त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या दप्तरांच्या जतनासाठी १९२७ मध्ये धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडाने छापली, म्हणजे आधी मूळ कागद जसेच्या तसे लोकांसमोर ठेवले आणि त्यावरची आपली मते प्रस्तावनेत वेगळी मांडली. पुरावा आणि मत यांच्यात अशी भिंत राखण्याची सवय प्रबंधिकेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने उचलावी, आणि त्यासाठी एकदा तरी धुळ्याला जाऊन ती दप्तरे पाहून यावीत; पद्धतीवरच्या व्याख्यानांनी जे साधत नाही ते त्या कागदांच्या सहवासात अनेकदा साधते.

विषय निवडण्याच्या टप्प्यावर बहुतेक विद्यार्थी फार मोठे शीर्षक घेऊन येतात. ‘खानदेशातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण मानता येईल. मार्गदर्शक सहसा त्याला ‘विशेष संदर्भ जामनेर तालुका’ अशी शेपटी जोडतो आणि विषय मर्यादित झाला असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात त्या शेपटीने केवळ भूगोल लहान होतो, प्रश्न होता तेवढाच अवाढव्य राहतो. समस्या म्हणजे बोंडअळी, की बियाण्याचा खर्च, की वेचणीची मजुरी, की भाव, की कर्ज? यांतली एकेक बाब स्वतंत्र प्रबंधिकेला पुरून उरणारी आहे. विषय लहान करणे म्हणजे नकाशा कापणे असा जो समज रूढ झाला आहे तो सोडल्याशिवाय पुढचे काम मार्गी लागत नाही.

जामनेरच्या कापसापुरते बोलायचे तर मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला विचारावयाचा पहिला प्रश्न सोपा आहे : घरचा कापूस गेल्या वर्षी कुणाला विकला? उत्तर बहुधा येते, दारावर आलेल्या व्यापाऱ्याला. व्यापाऱ्याने गावात येऊन, शेतकऱ्याच्या ओट्यावर काटा लावून कापूस विकत घेण्याच्या या व्यवहाराला खेडा खरेदी म्हणतात. तालुक्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने. १९७० मध्ये स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ, ज्याला सगळे सीसीआय म्हणतात, हमीभावाने खरेदी करते. १९७२ पासून पुढे अनेक वर्षे राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजनाही होती, ज्यात शेतकऱ्याने कापूस शासकीय यंत्रणेलाच विकावा असे बंधन होते. इतक्या व्यवस्था येऊन गेल्या आणि तरी ओट्यावरचा काटा हटला नाही, तो का, हा प्रश्न एका प्रबंधिकेच्या आवाक्यातला आहे आणि त्याचे उत्तर कुणाच्या तरी उपयोगाचे आहे. घरात बसल्या बसल्या विद्यार्थ्याला तो दिसत नव्हता, कारण काखेत कळसा असला की माणूस गावालाच वळसा घालतो.

प्रश्न सापडल्यावर गृहीतक मांडावे लागते. गृहीतक म्हणजे पुराव्याने खरे किंवा खोटे ठरवता येईल असे तात्पुरते विधान. ‘व्यापारी शेतकऱ्याला लुबाडतो’ हे विधान विद्यार्थ्याच्या तोंडी सहज येते, कारण त्याने ते लहानपणापासून ऐकलेले असते. परंतु ते तपासायचे कसे हे त्यात कुठेच सांगितलेले नसते. त्याऐवजी, ज्या कुटुंबाची रोख पैशाची नड दिवाळीपूर्वी जास्त, त्या कुटुंबाचा कापूस खेडा खरेदीत जाण्याचे प्रमाण जास्त, असे विधान मांडले तर नड मोजता येते, विक्रीची तारीख विचारता येते आणि दोहोंचा मेळ बसतो की नाही हे पाहता येते. कदाचित मेळ बसणार नाही. सीसीआयच्या केंद्रावर सातबारा व आधारची कागदपत्रे लागतात, ओलाव्याची मर्यादा ८ ते १२ टक्क्यांची असते, गाडीभाडे पदरचे भरावे लागते आणि पैसे बँकेत जमा होतात. थोडक्या कापसासाठी हा खटाटोप परवडत नाही म्हणूनही लोक दारावर विकत असतील. तसे दिसून आले तर गृहीतक चुकले आणि प्रबंधिका जिंकली, कारण शोधाच्या आधी माहीत नसलेली एक गोष्ट तिने शोधून काढली. आपले गृहीतक खोटे ठरले म्हणजे गुण कमी होणार ही भीती विद्यार्थ्यांत इतकी पक्की बसलेली असते, की ती पहिल्याच भेटीत दूर करणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्यच समजले पाहिजे.

यानंतर येतो संशोधन आराखडा, ज्यात विषयाचे महत्त्व, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, गृहीतके, पद्धत आणि प्रकरणांची मांडणी पाच-सात पानांत लिहिलेली असते. बहुतेक आराखड्यांत पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे आधीच्या ग्रंथांच्या नावांची जंत्री असते. खरे तर आढाव्यातून एवढेच स्पष्ट व्हायला हवे की आधीचा अभ्यासक कुठे थांबला. खानदेशच्या कापसावर लिहायचे तर १८८० चे खानदेश गॅझेटिअर वाचावेच लागते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद होऊन इकडच्या कापसाला आलेला भाव आणि त्याच सुमारास खानदेशातून गेलेला जी.आय.पी. रेल्वेचा लोहमार्ग यांची पार्श्वभूमी समजून घ्यावी लागते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा ते जामनेर अशी ५६ किलोमीटरची अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, तीही मुख्यतः या मुलखातला कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत पोहोचवण्याच्या गरजेतून. शेंदुर्णी आणि पहूर करत जाणारी ही गाडी, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत, मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली आणि मार्ग रुंद करण्याच्या कामामुळे त्या रूपात पुन्हा धावली नाही. ही सगळी माहिती रंजक आहे आणि विद्यार्थी तिच्यात रमतो. पहिले प्रकरण पन्नास पानांचे होते आणि खेडा खरेदीला वीस पाने उरतात. इथे मार्गदर्शकाला कठोर व्हावे लागते. पीजेचा इतिहास हा वेगळ्या प्रबंधिकेचा विषय आहे, आणि तो कोणीतरी लवकर घ्यायला हवा, कारण त्या गाडीवर काम केलेली माणसे आता थकत चालली आहेत. पण खेडा खरेदीच्या प्रबंधिकेत त्याला एका परिच्छेदापलीकडे जागा नाही.

क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष गावात जाऊन माहिती मिळवण्याचे काम, हा या सगळ्यातला सर्वांत समृद्ध आणि सर्वांत उपेक्षित भाग आहे. प्रश्नावली छापून घ्यावी, ओळखीच्या साठ घरांत वाटावी आणि आठवड्याने भरून आणावी अशी पद्धत पडून गेली आहे. तिला सोयीचा नमुना म्हणतात, कारण त्यातली घरे विद्यार्थ्याच्या सोयीने निवडलेली असतात. जिनिंगजवळचे एक गाव, डांबरी रस्त्यावरचे एक आणि अजिंठ्याच्या डोंगराकडचे आडवळणाचे एक, अशी कारण देऊन गावे निवडली तर त्याला हेतुपूर्ण नमुना म्हणता येते आणि त्यातून निघालेल्या निष्कर्षाला काही वजन येते.

एका ओट्यावर काय घडते ते नीट पाहिले तर प्रश्नावली किती तोकडी असते हे लक्षात येते. सकाळी व्यापाऱ्याची गाडी गल्लीत येते. भाव तोंडी ठरतो, तोही बहुधा आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर ठरलेला असतो. घरातल्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला कापूस गाठोड्यांत बांधून काट्यावर येतो, व्यापाऱ्याचा माणूस त्यात खोलवर हात घालून ओलावा अजमावतो, किडकी बोंडे म्हणजे कवडी किती ते बघतो आणि त्यानुसार कडता म्हणजे वजनातली वजावट सांगतो. त्यावर घासाघीस होते, आणि ती अनेकदा घरातली बाई करते, कारण वेचणीला मजूर बायकांबरोबर ती स्वतः राबलेली असते आणि कापूस किती कोरडा आहे हे तिला सर्वांत चांगले ठाऊक असते. व्यापारी आपल्या वहीत आकडे लिहितो. शेतकरी लिहितो भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला : गाठोड्यांची वजने एकाखाली एक, खाली बेरीज, बाजूला उचल म्हणून आधी घेतलेली रक्कम. प्रश्नावलीत ‘आपण खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवता का?’ असा प्रश्न असतो, त्याला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि तक्त्यात तसा आकडा चढतो. नोंद तर समोरच्या भिंतीवर टांगलेली असते. ती विद्यार्थिनीच्या नजरेस पडावी म्हणून मार्गदर्शकाला तिच्याबरोबर गावात जावे लागत नाही. ‘मग हिशोब कशावर मांडत होते?’ एवढे तिला परत आल्यावर विचारले तरी ती दुसऱ्या फेरीत भिंतीकडे बघू लागते, आणि मागच्या वर्षांची कॅलेंडरे घरात जपून ठेवलेली असली तर तीन-चार हंगामांचा अस्सल पुरावा तिच्या हाती येतो.

नात्यांचा प्रश्न याहून नाजूक असतो. व्यापाऱ्याचा गावातला माणूस विद्यार्थ्याचा मावसभाऊ असू शकतो, मुलाखत देणारे आबा वडिलांचे देणेकरी असू शकतात, आणि ‘बाळा, हे लिहू नको’ असे सांगून मावशींनी जे सांगितले तेच नेमके सर्वांत मोलाचे असू शकते. संशोधनाची नीती सांगते की माहिती देणाऱ्याची ओळख झाकावी; गावाला ‘अ’ आणि व्यापाऱ्याला ‘क्र. १’ म्हणावे. पण दीड हजार वस्तीच्या गावात एकच व्यापारी येत असेल तर ‘क्र. १’ कोण हे सगळ्यांना कळते. अशा वेळी काय गाळायचे याचा निर्णय एकट्या विद्यार्थ्यावर टाकू नये. लिहू नको म्हटलेले लिहायचे नाही हा नियम पाळून, तीच गोष्ट इतर घरांतून स्वतंत्रपणे कळते का हे पाहणे हा एक मार्ग आहे, आणि ती कळेपर्यंत तो भाग प्रबंधिकेबाहेर राहिला तर बिघडत नाही. ज्यांच्यात आयुष्य काढायचे आहे त्यांचा विश्वास दहा श्रेयांकांसाठी मोडू नये, हे इथे कुठल्याही पद्धतिशास्त्रापेक्षा वरचे मानावे लागेल.

आराखड्याच्या शेवटी महिन्यांचा जो तक्ता असतो तो सहसा विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे आखलेला असतो. कापसाचे वेळापत्रक वेगळे आहे. तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि परीक्षा येतात त्या दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे ऐन वेचणीत, जेव्हा मजूर मिळत नाहीत आणि विद्यार्थिनी स्वतःही कमरेला ओटी बांधून शेतात असते. त्या दिवसांत मुलाखतीला कोणी बसणार नाही. प्रश्नावलीची पूर्वचाचणी, म्हणजे चार-सहा घरांत ती विचारून तिच्यातले दोष काढण्याचे काम, श्रावणात निंदणी-खुरपणीतून उसंत मिळते तेव्हा करावे. पहिली मोठी फेरी दिवाळीनंतर, पहिल्या वेच्याचा पैसा हातात आल्यावर. आणि दुसरी फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये. दुसरी फेरी टाळता येणार नाही, कारण भाव वाढेल या आशेने अनेक घरे कापूस घरातच ठेवतात आणि महिनोन्‌महिने वाट पाहतात. दिवाळीतच पाहणी संपवली तर ज्यांना नड होती तेवढेच तक्त्यात येतात, ज्यांना थांबणे परवडले ते निसटतात आणि गृहीतक आपोआप खरे ठरते. असे आपोआप खरे ठरलेले गृहीतक सर्वांत फसवे. विद्यार्थ्याचा हंगाम आणि शेतकऱ्याचा हंगाम एकत्र मांडून महिने ठरवले तरच ही फसवणूक टळते, आणि लेखनासाठी मार्च-एप्रिल उरतो, जेव्हा जळगावच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नसतो.

लेखनाच्या काळात मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे नाते खऱ्या अर्थाने कसोटीला लागते. आपल्याकडे ‘सरांना कसं विचारायचं’ हा संकोच खोलवर रुजलेला आहे. प्रकरण लिहून दिले की महिनाभर उत्तर येत नाही, आठवण करावी तर उद्धटपणा वाटेल म्हणून विद्यार्थी गप्प राहतो, आणि शेवटी एप्रिलमध्ये घाईघाईने प्रमाणपत्रावर सही होते. दोष सगळा मार्गदर्शकाच्या माथी मारता येत नाही. अनेक महाविद्यालयांत जागा रिक्त आहेत, शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत, ज्यांना तासांचे मानधन मिळते आणि प्रबंधिका वाचण्याच्या रात्री हिशेबात कुठेच धरल्या जात नाहीत. दहा-बारा विद्यार्थ्यांचे विषय एकाच शिक्षकाकडे असतात. संशोधन प्रत्येकाला सक्तीचे करताना ते वाचणाऱ्याच्या वेळेचा विचार झाला नाही, ही या धोरणाची मोठी उणीव आहे आणि ती स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. ती दूर होईपर्यंत निदान एवढे करता येते की विद्यार्थ्याने संपूर्ण प्रकरणाऐवजी दर पंधरवड्याला पाच पाने द्यावीत, भेटीत काय ठरले ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून सरांना किंवा मॅडमना पाठवावे, आणि मार्गदर्शकाने शुद्धलेखन सुधारण्याआधी समासात ‘हे कशावरून?’ असे लिहायला शिकावे. त्या दोन शब्दांनी जेवढ्या प्रबंधिका सुधारल्या असतील तेवढ्या कोणत्याही संशोधन पद्धतीच्या पाठ्यपुस्तकाने सुधारल्या नसतील.

मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यास काय करावे, याचे थोर उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिले आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी डी.एस्‌सी.चा प्रबंध लिहिला तो एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. आंबेडकरांनी मांडणीत फेरफार केले, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत आणि १९२३ मध्ये पदवी मिळवून त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुस्तकाला प्रस्तावना कॅनन यांची आहे, आणि तीत त्यांनी आंबेडकरांचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नसल्याचे उघड लिहून, तरीही त्यांच्या विचारांतला ताजेपणा चालना देणारा आहे आणि त्यांचा व्यावहारिक निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, असा निर्वाळा दिला आहे. इरावती कर्वे यांनाही १९३० मध्ये बर्लिनला असाच प्रसंग आला : वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते असलेले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी कवट्यांच्या असमानतेचा वंशाशी संबंध अपेक्षिला होता, आणि मोजमापे घेतल्यावर असा संबंध दिसत नाही हे इरावतींनी प्रबंधात लिहिले. पंचविशीही न ओलांडलेल्या, परक्या देशात शिकणाऱ्या एका मराठी स्त्रीने ते लिहिले, याचे मोल नंतरच्या युरोपीय इतिहासाने फार वाढवले. ही दोन्ही उदाहरणे पदवीच्या वरच्या पायरीची असली तरी जामनेरच्या विद्यार्थ्याला त्यांची गरज आहे, कारण ‘सरांचं मत असं आहे’ हे वाक्य पुराव्याच्या जागी येऊन बसण्याची भीती इथे जास्त आहे.

आता नक्कल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नसतो, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई वाढत जाते. मराठी प्रबंधिकांच्या बाबतीत ही तपासणी बऱ्याचदा नावापुरती राहते, कारण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकाला मराठी म्हणून ओळखताच येत नाही. युनिकोडचा आग्रह धरण्याचे हेही एक कारण आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रबंधिका मिळतात ही कुजबूज नवी नाही, आणि आता तर यंत्राला सांगितले की ते पानेच्या पाने लिहून देते. पण कोणत्या आप्पांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमागे कोणत्या तारखेला किती किलो कापूस लिहिलेला आहे हे यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रश्न जितका लहान आणि गावाशी बांधलेला, तितकी नक्कल अवघड होते. म्हणून शीव आखण्याचा फायदा प्रामाणिकपणालाही मिळतो.

मौखिक परीक्षा होते, बाहेरून आलेले परीक्षक दोन प्रश्न विचारतात, सोनेरी अक्षरांची बांधलेली प्रत कपाटात जाते. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते, आणि ही उधळपट्टी थांबवणे महाविद्यालयांच्या हातात आहे. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर ठेवले जातात, एम.ए.च्या प्रबंधिकांना तशी वाट नाही; परंतु जामनेर, शेंदुर्णी, पाचोरा इथल्या महाविद्यालयांनी आपापल्या विभागातल्या प्रबंधिकांची एक साधी सूची ठेवायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. त्या सूचीत नाव, वर्ष आणि विषय यांच्यापुढे आणखी एक रकाना असावा, ज्यात विद्यार्थ्याने जाताना आपल्याला न सुटलेला प्रश्न एका वाक्यात लिहावा : ओलावा मोजणारे यंत्र गावात असते तर कडता कमी झाला असता का, वेचणाऱ्या बायकांच्या काट्यावर आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर एकाच कापसाचे वजन किती वेगळे भरते, पीजेने कापूस जात होता तेव्हा ओट्यावरचा काटा होता का. पुढच्या जूनमध्ये विषय शोधत येणाऱ्या मुलांसमोर मार्गदर्शकाने आधी तो रकाना उघडून ठेवावा.